मॉड लोड का होत नाही: ‘डूम’पासूनची पार्श्वभूमी

मॉडची, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेल्या बदलाची, फाइल उतरवली, सांगितलेल्या फोल्डरात टाकली, गेम सुरू केला आणि काहीच बदललं नाही. किंवा मुख्य मेनू दिसायच्या आतच गेम बंद पडला. दोन्हीला आपण एकच म्हणतो, मॉड लोड होत नाही. पण पहिल्या प्रकारात गेमने फाइल पाहिलेलीच नसते आणि दुसऱ्या प्रकारात ती पाहून तो अडखळलेला असतो. या दोन्हींमागचे नियम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गरजेतून घडले आणि बरेचसे आजही गेमच्या पोटात शाबूत आहेत.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा गेम आला. गेम चालवणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा ऐवज ‘वॅड’ नावाच्या फाइलीत दुसरीकडे, अशी त्याची मांडणी होती. कमांडमध्ये आपल्या वॅडचं नाव दिलं की ती मूळ वॅडच्या मागे जोडली जाई. वॅडमधल्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे लम्पला, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं नाव असे आणि गेम ते नाव यादीच्या शेवटाकडून शोधत येई. त्यामुळे नंतर जोडलेला लम्प आधी सापडे आणि तोच वापरला जाई. ‘शेवटी येईल तो जिंकेल’ हा मॉडिंगचा पायाभूत नियम इथून सुरू झाला. राक्षसांची चित्रं मात्र त्यातून सुटली होती. ती सुटीसुटी न शोधता गेम दोन खुणांच्या मधली सलग यादी उचलत असे. नव्या वॅडमध्ये त्या खुणा असल्या आणि आत चारच चित्रं असली, तर गेमच्या लेखी जगात तेवढीच चार चित्रं उरत. म्हणून चित्रं मूळ वॅडमधल्या चित्रांशी मिसळून देणारी वेगळी साधनं तेव्हाच निघाली.

१९९६ च्या ‘क्वेक’मध्ये मॉडला स्वतःचं फोल्डर मिळालं. आतल्या पॅक फाइली, म्हणजे अनेक फाइलींचे गठ्ठे, शून्यापासून क्रमाने उघडल्या जात आणि मधला एक आकडा नसला की गेम तिथेच थांबे. पॅक-० आणि पॅक-२ ठेवून पॅक-१ विसरलात, तर २ क्रमांकाची फाइल जागेवर असूनही तिच्याकडे कुणी बघत नसे. शिवाय पॅकमधली फाइल फोल्डरातल्या सुट्या फाइलीला मात देई. १९९९ च्या ‘क्वेक ३’ मध्ये क्रम वर्णानुक्रमाने लागू लागला. शेवटी वाचलं जावं म्हणून फाइलीच्या नावाआधी दोनतीन झेड लावायची सवय तेव्हापासूनची.

बेथेस्डा या कंपनीच्या गेममध्ये हा गुंता सर्वांत खोल गेला. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये मॉडचे बदल नोंदवणारी प्लगिन फाइल एक ईएसपी असे आणि तिचा क्रम ठरे फाइलीच्या ‘शेवटचा बदल’ या तारखेवरून. म्हणजे मॉड उघडून एक ओळ बदलून पुन्हा सेव्ह केली, तरी तो यादीच्या तळाशी जाई. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तारखेचा त्रास टेक्स्चरपर्यंत, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांपर्यंत, पोचला. नव्या टेक्स्चरची तारीख गेमच्या बीएसए संग्रहापेक्षा जुनी असली तर गेम संग्रहातलंच टेक्स्चर दाखवे. फाइल बरोबर, जागा बरोबर आणि तरी पडद्यावर जुनंच चिलखत! यावर गेमला संग्रहाऐवजी सुटी फाइल वापरायला लावणारा ‘आर्काइव्ह इनव्हॅलिडेशन’ हा उपाय निघाला आणि ‘फॉलआउट ३’, ‘न्यू व्हेगास’ यांनाही तो लागला. ‘स्कायरिम’मध्ये क्रम एका साध्या मजकूर फाइलीत लिहिला जाऊ लागला आणि सुटी फाइल संग्रहावर मात करू लागली, म्हणजे ‘क्वेक’च्या नेमकं उलट. एका गेममध्ये पक्की झालेली समजूत दुसऱ्या गेममध्ये वापरली की चूक होते, ती अशी.

इथे एक आकडा जवळून पाहण्यासारखा आहे. ‘स्कायरिम’मधल्या प्रत्येक वस्तूला, पात्राला, मंत्राला आठ अंकी षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहिलेला) ओळखक्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे ती वस्तू ज्या प्लगिनची, त्याचा लोड ऑर्डरमधला, म्हणजे प्लगिनं वाचण्याच्या रांगेतला, क्रमांक. ०० म्हणजे मूळ गेम. दोन षोडशमान अंकांत २५६ जागा बसतात. त्यातली शेवटची, एफएफ, खेळताना तयार होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव, म्हणून २५५ प्लगिनची मर्यादा. २०१७ मध्ये हलकी ईएसएल प्लगिनं आली तेव्हा एफई ही एकच जागा फोडून त्यात ४,०९६ हलकी प्लगिनं बसवली. त्यासाठी तेव्हा अट अशी होती की प्रत्येकात २,०४८ पेक्षा जास्त नव्या नोंदी नकोत. याच रचनेमुळे खेळाच्या मध्यावर एखादा मॉड काढला की सेव्हमध्ये त्याचे नोंदवलेले क्रमांक अधांतरी राहतात. म्हणून तो काढल्यावर गेम नीट चालेल, या भरवशावर कुणीही राहू नये.

प्लगिनच्या सुरुवातीलाच ते कोणत्या मास्टर फाइलींवर उभं आहे याची यादी असते. त्यातली एक जरी जागेवर नसली, तर ‘स्कायरिम’ एकही सूचना न देता मेनूआधीच बंद पडतो. मेनूआधीच गेम पडला तर पहिली शंका इथेच घ्यावी. प्लगिन तपासणारं एक्सएडिट हे साधन उघडून संशयित प्लगिनची मास्टर यादी वाचली की दोन मिनिटांत छडा लागतो. मॉड बसवून देणारे मॉड मॅनेजरही हरवलेलं मास्टर इशाऱ्याच्या खुणेने दाखवतात, पण ती खूण बघायची सवय फार थोड्यांना असते. आणि क्रम लावून देणारं लूट हे साधन हरवलेली फाइल आणून देऊ शकत नाही. ते फक्त असलेल्या फाइली नीट रांगेत लावतं.

‘स्कायरिम’ला दुसरं ओझं स्क्रिप्ट एक्स्टेंडरचं, म्हणजे मॉडना गेमच्या मूळ मर्यादेपलीकडचं करू देणाऱ्या एसकेएसई या प्रोग्रॅमचं. एसकेएसई गेमच्या स्मृतीतल्या ठरावीक पत्त्यांवर हात घालतो, म्हणून तो गेमच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेला असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेम १.५.९७ वरून १.६ च्या मालिकेत गेला. प्रोग्रॅम नव्या कंपायलरने (कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) बांधला होता, त्यामुळे आतले पत्ते हलले आणि जुन्या पत्त्यांवर विसंबलेली डीएलएल प्लगिनं (एसकेएसईमार्फत लोड होणाऱ्या कोडच्या फाइली) एका दिवसात निकामी झाली. कित्येकांनी काहीही न बदलता गेम उघडला आणि तो बंदच पडला. बदल त्यांनी केला नव्हता, गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्टीमच्या आपोआप अपडेटने केला होता. तेव्हापासून जाणकार सल्ला देतात की गेमचं अपडेट ‘गेम सुरू करतानाच’ या पर्यायावर ठेवा आणि गेम थेट स्टीममधून न उघडता एसकेएसईच्या लोडरने उघडा. एसकेएसई बंद असला तर त्याच्यावर अवलंबून असलेले मॉड नुसते गप्प बसतात.

‘माइनक्राफ्ट’ जावामध्ये लिहिलेला, त्यामुळे तिथलं दुखणं निराळं. सुरुवातीला मॉड म्हणजे गेमची जार फाइल (जावा प्रोग्रॅमच्या फाइलींचा गठ्ठा) उघडून आतल्या क्लास फाइली बदलणं. जारमध्ये मूळ फाइलींच्या सह्या असलेलं ‘मेटा-इन्फ’ नावाचं फोल्डर असे. ते काढायचं राहिलं की सह्या जुळत नसत आणि नुसता काळा पडदा येई. दोन मॉडनी आपापल्या वेगळ्या ब्लॉकना (जग ज्यांचं बनतं त्या ठोकळ्यांना) एकच क्रमांक दिला की गेम पडे आणि तो आकडा कॉन्फिग फाइलीत हाताने बदलावा लागे. २०१३ मध्ये १.७ आवृत्तीत ब्लॉक नावांनी ओळखले जाऊ लागले आणि तो त्रास मिटला.

मग जावाच्या आवृत्तीचा त्रास आला. १.१७ ला जावा १६ लागला, १.१८ ला १७, १.२०.५ ला २१. लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या घडामोडी नोंदवणाऱ्या फाइलीत, ‘क्लास फाइल व्हर्जन ६१’ आणि ‘५२ पर्यंतच ओळखतो’ असा मजकूर दिसला तर दोन्ही आकड्यांतून ४४ वजा करा. म्हणजे मॉडला जावा १७ हवा आहे आणि तुमच्याकडे ८ चालू आहे. मॉडची फाइल दहा वेळा उतरवून हे सुटत नाही, लाँचरमध्ये जावाचा मार्ग बदलावा लागतो. फोर्ज आणि फॅब्रिक हे मॉड चढवणारे दोन वेगळे लोडर. फोर्जसाठी बांधलेला मॉड फॅब्रिकवर चालत नाही, कारण मॉडची ओळख सांगणारी फाइलच दोघांची वेगळी आहे. आपल्या ओळखीची फाइल जारमध्ये नसली तर लोडरच्या लेखी तो मॉडच नसतो.

कधी दोष गेमचा नसून विंडोजचा असतो. व्हिस्टापासून विंडोज ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात सहज लिहू देत नाही. जुने प्रोग्रॅम तिथे लिहायला गेले की ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवली जाते. जुन्या मॉड साधनाला वाटतं फाइल ठेवली, गेमच्या फोल्डरात मात्र ती नसते. म्हणून जुने गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, ‘सी’ ड्राइव्हवर साध्या ‘गेम्स’ फोल्डरात बसवावेत असं सांगतात. याहून साधी आणि कितीतरी जास्त आढळणारी चूक म्हणजे झिप उलगडल्यावर फोल्डरात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर तयार होणं. ‘सिम्स ४’ मध्ये स्क्रिप्ट मॉड (कोड असलेला मॉड) ‘मॉड्स’ फोल्डरापासून एकच पायरी आत चालतो. त्याहून खोल गेला तर गेम तो वाचत नाही. शिवाय त्या गेममध्ये प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर साधे मॉड आणि स्क्रिप्ट मॉड असे दोन्ही पर्याय आपोआप बंद होतात आणि सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा सुरू करावे लागतात.

लॉग वाचताना शेवटची ओळ नव्हे, पहिली चूक शोधावी. पहिला मॉड पडला की त्याच्यावर उभे असलेले पाचदहा मॉड मागोमाग पडतात आणि लॉगच्या तळाशी बिचाऱ्या निर्दोष मॉडचं नाव उरतं. ‘माइनक्राफ्ट’मध्ये ही फाइल ‘लॉग्ज’ फोल्डरात ‘लेटेस्ट’ नावाने सापडते, ‘स्कायरिम’मध्ये डॉक्युमेंट्सच्या आत गेमच्या फोल्डरातल्या ‘एसकेएसई’ या उपफोल्डरात. लॉगमध्ये काहीच सापडलं नाही तर अर्धे मॉड बंद करून गेम सुरू करायचा, पडला तर दोष चालू अर्ध्यात, चालला तर बंद अर्ध्यात. १२८ मॉड असले तरी एक दोषी मॉड सात फेऱ्यांत सापडतो. मात्र एखादं मास्टर किंवा लायब्ररी (इतर मॉडना आधार देणारा मॉड) दुसऱ्या अर्ध्यात गेली तर ती नसल्यामुळेच गेम पडेल आणि शोध चुकीच्या वाटेला लागेल. म्हणून त्या आधी बाजूला काढून प्रत्येक फेरीत चालू ठेवाव्यात आणि चाचणी नेहमी नव्या सेव्हवर घ्यावी.