ओलांड: नको असलेली स्वायत्तता आणि तिची शंभर वर्षं

ऑक्टोबर 2027 मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवर 'लागटिंग' या स्थानिक संसदेची निवडणूक व्हायची आहे. जागा 30, मतदारसंघ एकच, आणि लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपालिकेइतकी. बेटं फिनलंडची, बोलायची भाषा मात्र स्वीडिश. शिक्षण, आरोग्य, पोलीस, टपाल, पर्यावरण, स्थानिक उद्योग या विषयांवर ही संसद स्वतःचे कायदे करते आणि हेलसिंकीच्या संसदेला त्यांना हात लावता येत नाही. अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली किंवा देशाच्या सुरक्षेला बाधा येत असली, तरच फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष एखादा कायदा रोखू शकतात. एवढे अधिकार असलेली ही स्वायत्तता ओलांडवासीयांनी मागितलेली नव्हती. देऊ केली तेव्हा त्यांनी ती चक्क नाकारली होती.

1809 पर्यंत फिनलंड आणि ओलांड दोन्ही स्वीडनकडे होते. त्या वर्षी युद्ध हरल्यावर स्वीडनला दोन्ही रशियाच्या झारला द्यावे लागले. स्टॉकहोमच्या इतक्या जवळ आलेल्या या बेटांवर रशियाने बोमारसुंडचा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, क्रिमियन युद्धात, 1854 साली ब्रिटिश आणि फ्रेंच आरमाराने तो उद्ध्वस्त केला. 1856 च्या पॅरिस तहात ठरलं की यापुढे ओलांडवर तटबंदी नको, लष्करी तळ नको. बेटांवर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, पण आजच्या ओलांडची पहिली वीट तिथे रचली गेली.

खरी घालमेल 1917 मध्ये सुरू झाली. रशियात क्रांतीचा गोंधळ चालू असताना ऑगस्टमध्ये ओलांडच्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी फिनस्ट्रोम इथे जमले आणि स्वीडनमध्ये परत जायचं असं त्यांनी ठरवलं. मग सह्यांची मोहीम निघाली. सात हजारांहून अधिक सह्या जमल्या, म्हणजे बेटांवरच्या जवळजवळ सगळ्या प्रौढांच्या. डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाला आणि प्रश्न आणखी चिघळला. स्वयंनिर्णयाचा हक्क सांगून नुकतंच रशियातून बाहेर पडलेलं राष्ट्र तोच हक्क स्वतःच्या एका कोपऱ्याला द्यायला तयार नव्हतं. हेलसिंकीची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. भूगोल आणि शंभर वर्षांचा कारभार तिच्या बाजूला होता, आणि नव्या देशाने पहिल्याच वर्षी प्रदेश सोडला तर पुढे काय, ही भीती खरी होती.

फिनलंडने तोडगा म्हणून मे 1920 मध्ये स्वायत्ततेचा कायदा केला. पंतप्रधान राफाएल एरिक स्वतः तो घेऊन ओलांडच्या राजधानीला, मारिएहाम्नला गेले. ओलांडच्या पुढाऱ्यांनी तो घेतला नाही. त्यांच्यातले दोघे, वृत्तपत्रकार युलियस सुंडब्लूम आणि कार्ल ब्योर्कमान, यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. स्वीडनमध्ये संतापाची लाट उसळली आणि ब्रिटनने हा वाद नुकत्याच जन्मलेल्या राष्ट्रसंघापुढे (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) नेला.

राष्ट्रसंघाचा निकाल जून 1921 मध्ये लागला. सार्वभौमत्व फिनलंडचं, पण स्वीडिश भाषा, स्थानिक चालीरीती आणि जमिनीची मालकी यांना ठोस हमी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहा देशांनी बेटांच्या निर्लष्करीकरणाचा आणि तटस्थतेचा करार केला. एखाद्या अल्पसंख्याक गटाला देशातून फुटून निघण्याचा सरसकट हक्क नाही, तो शेवटचा उपाय, असं राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी नोंदवलं. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक त्याचा दाखला अजून देतात. मला मात्र त्यानंतरची घडामोड जास्त बोलकी वाटते. 9 जून 1922 रोजी पहिली स्थानिक संसद भरली तेव्हा तिचा अध्यक्ष होता सुंडब्लूम, आणि पहिला शासनप्रमुख ब्योर्कमान. जो कायदा नाकारला म्हणून तुरुंग बघितला, तोच राबवायला हे दोघे बसले. 9 जून आज ओलांडचा स्वायत्तता दिन आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये जायची हाक पुन्हा एकदा उठली आणि विरली. मग 1951 मध्ये नवा कायदा आला, 1991 मध्ये तिसरा, आणि तो 1993 पासून लागू आहे. प्रत्येक वेळी अधिकारांची यादी थोडी वाढली. 1954 मध्ये झेंडा मिळाला, निळा-पिवळा आणि मध्ये तांबडा क्रूस. 1984 पासून टपाल तिकिटंही स्वतःची.

1951 च्या कायद्याने आणलेला रहिवास-हक्क समजल्याशिवाय 2027 ची मतदारयादी समजणार नाही. लागटिंगसाठी मत द्यायचं असेल किंवा उभं राहायचं असेल, तर हा हक्क लागतो. जमीन विकत घ्यायला आणि धंदा करायलाही सर्वसाधारणपणे तोच लागतो. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे हा हक्क असला, तर ओलांडवर राहणाऱ्या मुलाला तो मिळतो. बाहेरून आलेल्याला पाच वर्षं तिथे राहावं लागतं, फिनलंडचं नागरिकत्व लागतं आणि स्वीडिश पुरेशी यावी लागते. आणि पाच वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिलात की हक्क जातो. त्याच दिवशी होणाऱ्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ही अट नाही, त्यामुळे एकाच केंद्रावर काहींच्या हाती दोन मतपत्रिका असतात, काहींच्या एकच. कोकणात बाहेरच्यांना जमिनी विकल्या जाण्यावरून आपल्याकडे अधूनमधून जो वाद पेटतो, तो ओलांडने सत्तर वर्षांपूर्वीच कायद्यात घालून टाकला. त्याची किंमतही मोजली: कामासाठी येणारे परदेशी वर्षानुवर्षं राहतात, कर भरतात आणि मुख्य निवडणुकीबाहेर राहतात.

पक्षांचं राजकारण तसं उशिरा, सत्तरीच्या दशकात रुजलं. 1988 पासून सरकारला सभागृहाचा विश्वास लागतो. लिबरल, सेंटर, मॉडरेट, सोशल डेमोक्रॅट, अपक्षांचा गट, अशी मांडणी, आणि एकट्याच्या बळावर कुणालाच बहुमत नाही, म्हणजे युतीच. पूर्ण स्वातंत्र्य मागणारा 'ओलांडचं भवितव्य' हा पक्षही निवडणुकीत उतरला, पण त्याला मोजक्याच जागा मिळाल्या. 2007 पासून 2023 पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीनंतर शासनप्रमुखपदी बाई आल्या आहेत, तिथे आता कुणी त्याची बातमीही करत नाही.

भांडणाचे विषय मात्र अगदी घरगुती असतात. 2019 ची निवडणूक 16 ग्रामपंचायती विलीन करायच्या की नाही, यावर रंगली. आधीच्या सरकारने सक्तीच्या विलीनीकरणाचा कायदा केला होता, नव्या सरकारने तो रद्द केला. सोटुंगासारख्या शंभरेक माणसांच्या बेटाला स्वतःची पंचायत हवी असते, आणि तिला जोडणारी फेरीबोट वेळेवर यावी हेही तितकंच हवं असतं.

समुद्रानेच त्यांचं पोट भरलं आहे. 1994 मध्ये युरोपीय संघात जावं का, यावर ओलांडने वेगळं जनमत घेतलं. होकार आला, पण करसंघाबाहेर राहण्याची सवलत घेऊनच. 1999 मध्ये संघांतर्गत ड्युटी-फ्री विक्री बंद झाली, तरी ओलांडला थांबणाऱ्या जहाजांवर ती चालू राहिली. स्टॉकहोमहून हेलसिंकीकडे निघालेली मोठी जहाजं रात्री-अपरात्री मारिएहाम्न किंवा लोंगनेसला जी काही मिनिटं टेकतात, ती त्या सवलतीपायी.

आता दोन जुने प्रश्न पुन्हा वर आले आहेत. एप्रिल 2023 मध्ये फिनलंड नाटोत गेला, आणि 1856 पासूनचं निर्लष्करीकरण ठेवावं का, यावर फिनलंडमध्ये चर्चा सुरू झाली. बेटांवर देखरेखीसाठी 1940 च्या कराराने बसलेली रशियाची दुय्यम वकिलात (कॉन्सुलेट) मारिएहाम्नमध्येच आहे, आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तिच्यासमोर निदर्शनं होतात. दुसरा प्रश्न चौथ्या स्वायत्तता कायद्याचा. माजी राष्ट्राध्यक्ष तारया हालोनेन यांच्या समितीने त्यावर काही वर्षं काम केलं, तरी 1991 चा कायदा अजून चालूच आहे. बदल करायचा तर फिनलंडच्या संसदेने तो घटनादुरुस्तीच्या पद्धतीने मंजूर करावा लागतो आणि लागटिंगमध्येही पडलेल्या मतांपैकी किमान दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे 2027 मध्ये निवडून येणाऱ्या तीस जणांपैकी अकरांनी विरोधी मत दिलं, तर हेलसिंकीने कितीही तयारी दाखवली तरी चौथा कायदा येत नाही.