ज्यात पाणी जास्त, त्याची पाळी आधी

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चापैकी जवळपास ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर गेल्याचं दिसलं. खेड्यात हेच प्रमाण ४७ टक्के होतं. घरभाडं, कर्जाचा हप्ता, मुलांची फी यांना कात्री लावता येत नाही. म्हणून हात आखडायची वेळ आली की प्रत्येक घर आधी वाण्याच्या यादीकडे बघतं. मग कुठे डाळ दोन रुपयांनी स्वस्त मिळते आणि कुठे एकावर एक फुकट आहे, याचा शोध सुरू होतो. माझं मत असं की स्वस्त डाळीच्या शोधाला निघण्याआधी घरातले डबे आणि फ्रीजचा खालचा कप्पा उघडावा. पैसे देऊन आणलेलं अन्न पोटात न जाता कचऱ्यात गेलं, तर घासाघीस करून वाचवलेले दोन रुपये कुठच्या कुठे जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अन्नाच्या नासाडीवर अहवाल काढला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे भारतीय घरांतून वर्षाला माणशी सुमारे ५५ किलो अन्न टाकलं जातं. चौघांच्या घराचे २२० किलो झाले. यात साली, कोयी, हाडं असं खाता न येणारंही धरलेलं आहे, त्यामुळे हा सगळा आकडा आपल्या माथी मारून घ्यायला नको. तरी काळी पडलेली कोथिंबीर, आंबलेला भात, किड लागलेले हरभरे हेही त्यातच आहेत, आणि ते टाळता येतात.

त्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यावी लागते: घरातला कोणता जिन्नस किती दिवस थांबू शकतो. याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्यातल्या पाण्यात असतं.

अन्न नासवणारे जिवाणू आणि बुरशी पाण्यावाचून वाढत नाहीत. पदार्थात एकूण पाणी किती आहे, यापेक्षा त्यातलं किती पाणी या जीवांच्या हाती लागतं हे महत्त्वाचं, अशी मांडणी ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात केली. या हाती लागणाऱ्या पाण्याच्या मापाला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरतात. ताजी भाजी, दूध, शिजलेला भात हे सगळे ०.९५ च्या वर असतात. ०.९१ च्या खाली नासवणारे बहुतेक जिवाणू थांबतात, ०.८ च्या आसपास बहुतेक बुरशीही हात टेकते आणि ०.६ च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. मीठ आणि साखर पाण्याला स्वतःशी बांधून ठेवतात. म्हणून साखरांब्यात ओलावा दिसत असला तरी जिवाणूंना त्यातलं फारसं मिळत नाही. लोणच्यात मिठाच्या जोडीला आंबटपणाही मदतीला येतो. पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेल्या मिरच्या यांतलं पाणी तर उन्हानेच काढून नेलेलं असतं. चैत्र-वैशाखात गच्चीवर चालणारी वर्षाची बेगमी म्हणजे जलसक्रियता उतरवण्याचंच काम. फ्रीझरही वेगळ्या वाटेने तेच करतो. पाण्याचा बर्फ झाला की ते जिवाणूंच्या उपयोगाचं उरत नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र पाणी पाणीच राहतं. तिथे नासणं फक्त मंदावतं, आणि फ्रीजमध्ये ठेवलंय म्हणजे झालं या समजुतीपायी पुष्कळ भाजी फुकट जाते.

आता स्वयंपाकाचा क्रम बराचसा आपोआप ठरतो. पालेभाजी, मशरूम, कापलेल्या भाज्या, शिजलेलं उरलेलं अन्न यांची पाळी आधी. मग वांगी, भेंडी, फ्लॉवर, शेंगा. कोबी, गाजर, दुधी थोडे थांबतात. लाल भोपळा न कापता ठेवला तर आठवडे काढतो. कांदे-बटाटे त्याच रांगेतले. बटाटे तेवढे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांच्यातल्या पिठाची, म्हणजे स्टार्चची, साखर होते आणि मग काचऱ्या तळताना करपट काळ्या पडतात. डाळी-कडधान्यं सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. कंटाळा आला की डाळ-भाताचा कुकर लावतो, आणि मेथीची जुडी उद्यावर जाते.

मलूल पडलेली पालेभाजी लगेच टाकू नका. पान ताठ राहतं ते पेशींमध्ये भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. पाणी उडून गेलं की दाब उतरतो आणि पान लोळतं, पण पेशींची पातळ आवरणं शाबूत असतात. अशी जुडी देठांची टोकं कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवली की पेशी पाणी ओढून घेतात आणि पानं पुन्हा उभी राहतात. पानं बुळबुळीत झाली असतील तर आवरणं फुटलेली आहेत आणि जिवाणू आत शिरलेले आहेत. तिथे गार पाण्याचा काही उपयोग नाही. दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, कोथिंबिरीचे देठ यांबद्दल मराठी घरांना वेगळं सांगायला नको. शिरांचा चोथा दाताखाली येतो म्हणून त्या बारीक चिरून, मंद आचेवर कोरड्या होईपर्यंत परतून, तीळ-खोबऱ्याबरोबर कुटायच्या. कोरडी झालेली ही चटणी मूळ भाजीपेक्षा जास्त दिवस टिकते, कारण परतताना तिच्यातलं पाणी गेलेलं असतं.

उरलेल्या भाताकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. फोडणीचा भात हा मला बचतीच्या स्वयंपाकातला सर्वांत सुंदर पदार्थ वाटतो, आणि तो शिळ्या भाताचाच चांगला होतो. भात शिजताना तांदळातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. गार होताना त्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट रचना करतात. शीत कडक होतं, पृष्ठभागाचा चिकटपणा जातो आणि कढईत ते मोकळं सुटतं. या घट्ट झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तंतूंसारखा पुढे सरकतो. यावरून शिळा भात मधुमेहावरचं औषध असल्याचे संदेश फिरतात. अशा न पचणाऱ्या स्टार्चमध्ये वाढ होते हे खरं, पण मोजली तर ती १०० ग्रॅम भातामागे एखाद्या ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी जास्तीचा भात वाढून घेऊ नये.

याच भातात एक धोका आहे. बॅसिलस सेरिअस नावाचा जिवाणू मातीतून तांदळावर येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात गार होऊ लागला की ते जागे होतात, आणि तिशीच्या तापमानाला, म्हणजे उन्हाळ्यातल्या रात्री आपलं स्वयंपाकघर असतं तेवढ्यात, भराभर वाढतात. त्यांच्यातले काही असं विष तयार करतात की पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी खाणावळींतल्या परतलेल्या भातातून झालेल्या विषबाधांमुळे ही गोष्ट नीट उलगडली. तिथे उकडलेला भात फ्रीजबाहेर ठेवून नंतर परतला जात असे. परतल्याने जिवाणू मरतात, पण आधीच तयार झालेलं विष फोडणीच्या उष्णतेने नाहीसं होत नाही. म्हणून रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय सोडायलाच हवी. जेवण आटोपताच भात ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी, तास-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत परतावा आणि एकदाच गरम करून संपवावा. पातेल्यात दाबून ठेवलेला भात मध्यभागी कितीतरी तास कोमट राहतो. पसरण्याचं कारण तेच.

पोळी शिळी झाली की ती वाळली असं आपण म्हणतो. १८५२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी पाव हवाबंद ठेवून दाखवलं की पाणी उडून न जाताही तो शिळा होतो आणि सुमारे ६० अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. इथेही तीच स्टार्चची पुनर्रचना, आणि फ्रीजच्या तापमानाला ती सगळ्यात वेगाने होते. त्यामुळे उद्या खायच्या पोळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या की चामट होतात. कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या बऱ्या. पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकण ठेवून तापवल्या की त्या परत मऊ होतात. कुस्कराच करायचा असेल तर शिळेपणाच कामाचा. ताजी पोळी फोडणीत लगदा होते, शिळीचा चुरा मोकळा राहतो. गूळ-तूप घालून केलेल्या लाडवालाही शिळीच हवी.

डब्याच्या तळाशी राहिलेली वर्ष-दीड वर्षाची कडधान्यं कितीही शिट्ट्या दिल्या तरी टणक राहतात आणि शेवटी वैतागून टाकली जातात. दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ते सैल झालं की दाणा शिजतो. उष्ण, दमट हवेत राहिलेल्या दाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू मोकळं होऊन पेक्टिनला जखडून ठेवतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ती याच कॅल्शियममुळे. उपाय घरातलाच आहे. जुना राजमा, वाल, छोले लिटरभर पाण्यात चमचा-दोन चमचे मीठ घालून रात्रभर भिजवावेत आणि ते पाणी ओतून द्यावं. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि पेक्टिन सुटतं. चिमूटभर खायचा सोडाही हे करतो, पण ब जीवनसत्त्वातला थायामिन त्यात नष्ट होतो, म्हणून मी मिठाकडेच वळेन. चिंच, आमसूल, टोमॅटो मात्र दाणा शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटपणा पेक्टिन आणखी घट्ट करतो. एवढं करूनही दाणा ऐकत नसेल तर तो गिरणीत न्यावा. पीठ झाल्यावर धिरड्याला त्याच्या टणकपणाचं काही देणंघेणं नाही.

किडीचंही थोडं. कडधान्यातल्या भुंगेऱ्यांची अंडी अनेकदा शेतातूनच दाण्यावर चिकटून येतात, डबा स्वच्छ असला तरी. एरंडेलाचा हात लावण्याची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेलाचा पातळ थर अंड्यांचा श्वास कोंडतो. फ्रीझर मोकळा असेल तर पिशवी चार दिवस त्यात ठेवूनही काम होतं.

बचतीच्या नावाखाली काही गोष्टी मुळीच वाचवू नयेत. बुरशी दिसणारा पाव, पोळी, शिजलेली भाजी, ओली चटणी यांचा वरचा भाग काढून उरलेलं खाण्यात अर्थ नाही, कारण बुरशीचे धागे दिसणाऱ्या ठिपक्याच्या पलीकडे गेलेले असतात. शेंगदाणे आणि मका यांच्या बाबतीत तर फार कडक राहायला हवं. त्यांच्यावर वाढणारी ॲस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं, यकृतावर घाला घालणारं विष बनवते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेल्यावर हे विष उजेडात आलं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात भिजून बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं, हे विसरता येत नाही. भाजून किंवा तळून हे विष पुरतं जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा थेट टाकावा, आणि कुटाआधी दाणे निवडून घ्यावेत.

महिनाअखेरीला जे उरतं ते बहुधा मूठ-मूठ असतं. थोडी हरभरा डाळ, थोडे मूग, वाटीभर तांदूळ, कणीक, ज्वारीचं पीठ. एकेकाची भाजी-आमटी होत नाही, पण सगळं मिळून थालीपीठ किंवा मिश्र धिरडी उत्तम होतात. त्यात पोषणाचाही फायदा आहे: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि ते डाळीत भरपूर असतं, तर डाळीत कमी पडणारं मिथिओनिन धान्य पुरवतं. ही धान्यं-डाळी भाजून दळली तर भाजणी टिकतेही जास्त. भाजताना दाण्यातलं उरलंसुरलं पाणी जातं आणि स्निग्धांश तोडणारी विकरंही (एन्झाइम) निकामी होतात. कच्च्या पिठात ती कामाला तयार असतात. दाणा अखंड असताना विकर आणि तेल वेगवेगळ्या जागी असतं. जातं किंवा गिरणी त्यांची गाठ घालून देते. बाजरीत तेल सुमारे पाच टक्के, गव्हाच्या दुपटीहून जास्त. म्हणून बाजरीचं पीठ आठवडाभरातच कडू पडू लागतं, आणि जाणत्या बायका बाजरी थोडी-थोडीच दळून आणतात. उरलेल्या पिठांची रांग लावायची झाली तर बाजरी पहिली, मग ज्वारी, मग कणीक. तांदळाचं पीठ सगळ्यांत शेवटी संपवलं तरी चालतं.