आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला

मुळातच उच्छृंखल असलेल्या माणसाला अधिकार, पैसा, नशा वा चिथावणी यांची जोड मिळून तो बेफाम होतो, त्या प्रसंगी वापरली जाणारी मराठी म्हण. ती वसंततिलका वृत्तातील एका श्लोकाचा पहिला चरण आहे : ‘आधीच मर्कट तशातहि मद्य प्याला । झाला तशात जरि वृश्चिकदंश त्याला । झाली तयास तदनंतर भूतबाधा । चेष्टा वदूं मग किती कपिच्या अगाधा ॥’ पहिल्या चरणात ‘तशातचि’ असाही पाठ आढळतो. विंचू आणि भूत म्हणीतून गळले, तरी अर्थाला बाध येत नाही.

श्लोकाचे मूळ संस्कृत आहे. मात्र कोणते, याविषयी दोन पक्ष संभवतात. ‘मर्कटस्य सुरापानं तत्र वृश्चिकदंशनम् । तन्मध्ये भूतसंचारो यद्वा तद्वा भविष्यति ॥’ हे अनुष्टुभ सुभाषित अधिक परिचित असल्याने सामान्यतः तेच मूळ म्हणून पुढे केले जाते. दुसरे सुभाषित आर्या वृत्तातले : ‘कपिरपि च कापिशायनमदमत्तो वृश्चिकेन संदष्टः । अपि च पिशाचग्रस्तः किं ब्रूमो वैकृतं तस्य ॥’ मराठी श्लोकाचा शेवट ‘यद्वा तद्वा भविष्यति’शी (वाटेल ते होईल) जुळत नाही, ‘चेष्टा वदूं मग किती’ हे सरळ ‘किं ब्रूमो’चे (काय सांगावे) रूपांतर दिसते, आणि ‘कपि’ हा शब्दही आर्येतलाच. ‘मर्कट’ मात्र अनुष्टुभातला. त्यामुळे रूपांतरकारापुढे दोन्ही पद्ये असावीत, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आर्येतील ‘कापिशायन’ म्हणजे कापिशीचे द्राक्षमद्य. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील आजच्या बेग्रामचा परिसर. हा शब्द पाणिनीच्या ‘कापिश्याः ष्फक्’ (४.२.९९) या सूत्राने सिद्ध होतो, आणि कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्षप्रकरणात (२.२५) हारहूरक या दुसऱ्या द्राक्षमद्यासोबत येतो. एवढ्यावरून आर्येला प्राचीन ठरवता येणार नाही. असे शब्द कोशांतून उचलण्याची पंडित कवींना सवयच होती, आणि येथे ‘कपि–कापि’ या अनुप्रासाचा मोह उघड आहे. मराठी श्लोकाची घडण सतराव्या-अठराव्या शतकांतील पंडिती वळणाची आहे. याहून नेमका काळ सांगणे धाडसाचे होईल.

विवेकानंदांनी राजयोगावरील ग्रंथात (१८९६) हेच माकड चंचल मनासाठी योजले आहे : मद्य म्हणजे वासना, विंचू म्हणजे मत्सर, भूत म्हणजे अहंकार. मराठी वापरात हा आध्यात्मिक अर्थ रुजलेला नाही.

‘माकडाच्या हाती कोलीत’ ही म्हण जवळची असली, तरी तिचा रोख अपात्राच्या हाती घातक साधन देणाऱ्याकडेही असतो. ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ची ठेवण सारखी आहे, पण ती बहुधा आळशाला उद्देशून म्हणतात.