खड्ड्याची पुढची कड

खड्ड्यामुळे गाडीचे नुकसान होते ते चाक खाली पडताना, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात चाक खड्ड्यात उतरते तेव्हा फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या कडेवर आदळते तेव्हा. हे समजून घेण्यासाठी थोडा ढोबळ हिशेब मांडावा लागतो आणि तो मांडण्यासारखा आहे, कारण वाहनचालकांमध्ये खोलवर रुजलेली एक समजूत त्यातून तपासता येते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते आणि ७० सेंटिमीटर लांबीचा खड्डा जेमतेम ०.०४ सेकंदात ओलांडते. सुटी सोडलेली वस्तू एवढ्या वेळात फक्त ८ मिलिमीटर खाली येते. चाक मात्र सुटे नसते. गाडीच्या वजनाने दाबलेली स्प्रिंग त्याला सतत खाली रेटत असते. एका चाकावर ३०० किलो भार आणि चाक, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), ब्रेक मिळून ४० किलो वजन धरले, तर रस्त्याचा आधार सुटताच चाक गुरुत्वाकर्षणाच्या सात-आठ पट त्वरणाने खाली झेपावते आणि तीन-चार सेंटिमीटर उतरते. तेवढ्यात समोर कड येते. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या कडेला टेकते, तेव्हा त्याचा मध्य कडेच्या सुमारे १४ सेंटिमीटर मागे असतो. हे अंतर संपेपर्यंत, म्हणजे अवघ्या ८-९ मिलिसेकंदांत, चाकाला पुन्हा वर यावे लागते. उतरायला मिळालेल्या वेळेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात चढायचे, हा खरा आघात.

‘गाडी वेगात काढली की खड्डा जाणवत नाही’ ही ती समजूत, आणि तिच्यातले ‘जाणवत नाही’ खरे आहे. स्प्रिंगवर तोललेला गाडीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळाच हेलकावू शकतो. इतक्या थोड्या वेळात त्याला हलायला सवडच मिळत नाही, त्यामुळे आत बसलेल्यांना धक्का सौम्य वाटतो. पण वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि त्या ऊर्जेचा जो अंश कडेवर खर्ची पडतो, तो टायर, रिम, लोअर आर्म (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा) आणि बॉल जॉइंट (त्याच्या टोकाचा सर्व बाजूंना वळणारा सांधा) यांनाच पचवावा लागतो. सावकाश नेलेल्या गाडीचे चाक अधिक खोल उतरते खरे, पण ते चढतेही सावकाश. प्रवाशाला काय जाणवले, यावरून चाकाला काय सोसावे लागले हे कधीच ठरवू नये.

आघाताचा पहिला घास टायर घेतो. २२५/४० आर १८ या मापाच्या टायरची बाजूची भिंत २२५ मिलिमीटरच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर उंच असते. १९५/६५ आर १५ मापात ती सुमारे १२७ मिलिमीटर भरते. भिंत जितकी बुटकी, तितके ती चेपली जाऊन रिम आणि कड यांच्यात चिमटण्याचे भय जास्त. हवा कमी असेल तर आणखी जास्त. या चिमट्यात आतले धागे तुटले की तेथे फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. पोलादी रिम बहुधा वाकते, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम वाकते किंवा तडकते.

टायरने सोडलेला धक्का स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरपर्यंत येतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या आत दट्ट्या तेलात वर-खाली सरकतो आणि तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. हालचाल जितकी जलद, तितका तेलाचा विरोध मोठा. म्हणून हलक्या उंचवट्यावर मऊ वाटणारे हेच यंत्र तीव्र आघाताच्या वेळी जवळपास घट्ट दांडकेच होते. त्यातही चालकाने खड्ड्यातच ब्रेक दाबून धरला असेल, तर गाडीचे नाक खाली झुकते, पुढच्या स्प्रिंगा आधीच दाबल्या जातात आणि आघात रिचवायला उरणारा पल्ला आखूड होतो. खड्डा टाळता येत नसेल, तर वेग आधी कमी करावा आणि चाक कडेशी पोहोचण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा, असे सांगितले जाते ते यासाठी.

खड्ड्याचा आघात निदान बराचसा खालून वर येतो आणि सस्पेन्शन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि दांड्यांची जुळणी, त्याच दिशेने हलण्यासाठी घडवलेले असते. पदपथाच्या उंच कडेला चाक बाजूने घासून आदळते, तेव्हा मात्र सस्पेन्शनपाशी त्या दिशेला देण्यासारखा पल्लाच नसतो. सांध्यांतल्या रबरी बुशांचा थोडासा लवचीकपणा संपला की बळ थेट लोअर आर्म, टाय रॉड (स्टीअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि चाकाच्या बेअरिंगवर येते. माझ्या मते मोठ्या खड्ड्याइतकीच, किंबहुना अधिक, धास्ती या ‘किरकोळ’ धडकेची बाळगायला हवी. बेअरिंगच्या वाटीत बसलेला सूक्ष्म खळगा त्या दिवशी कळत नाही. काही काळाने वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येऊ लागते.

आता अलाइनमेंटकडे वळू. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे रस्त्याशी आणि एकमेकांशी असलेले कोन. वरून पाहता चाके समांतर आहेत की आत-बाहेर वळलेली, हे टो सांगते; समोरून पाहता चाक किती कलले आहे, हे कॅम्बर सांगतो; आणि स्टीअरिंगचा अक्ष (वळताना चाक ज्या रेषेभोवती फिरते ती) बाजूने पाहता किती मागे झुकला आहे, हे कॅस्टर सांगतो. या कोनांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा परिणाम साचत जातो. चाकाचे तोंड जाण्याच्या दिशेपासून केवळ ०.१ अंशाने ढळले, तर दर किलोमीटरमागे ते सुमारे पावणेदोन मीटर आडवे खरवडले जाते. १०,००० किलोमीटरमध्ये ही खरवड १७ किलोमीटरच्या वर जाते. टो बिघडलेल्या टायरवरून तळहात आडवा फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागते. टायरची एकच बाजू झिजलेली दिसली, तर आधी कॅम्बरचा संशय घ्यावा.

एका मोठ्या धक्क्याखेरीज लहान धक्क्यांची रांगही धातूला थकवते. १९व्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एकदा सहज पेलला जाणारा भार पुन्हा पुन्हा पडत राहिला, तर त्याच भाराने पोलाद तुटते.

आदळल्यानंतर गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा सरळ जाताना स्टीअरिंग तिरके राहू लागले, की अलाइनमेंट ‘करून घेणे’ हा पहिला विचार सुचतो, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. पुष्कळ गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो जुळवता येतो, तोही टाय रॉडच्या आट्यांवर. वाकलेल्या टाय रॉडच्या आट्या फिरवून यंत्रावरचा आकडा बरोबर आणता येतो, मात्र वाकलेला रॉड गाडीत तसाच राहतो. कॅम्बर तर अशा गाड्यांमध्ये सुट्या भागांच्या आकारानेच ठरलेला असतो. तो मर्यादेबाहेर गेला असेल, तर काहीतरी वाकले किंवा सरकले आहे, असेच समजावे.

म्हणून जुळवणीनंतरच्या आकड्यांबरोबर जुळवणीपूर्वीचे आकडेही आवर्जून मागून घ्यावेत. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत कॅम्बर आणि समोरून दिसणारा स्टीअरिंग अक्षाचा कल यांची बेरीज करून दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. कॅम्बर बिघडलेला असूनही बेरीज दोन्हीकडे सारखी आली, तर शोध लोअर आर्म किंवा स्ट्रटच्या वरच्या बैठकीपासून सुरू करावा. बेरीजच बदलली असेल, तर स्वतः स्ट्रट किंवा चाक धरणारा नकल वाकला असण्याची शक्यता मोठी असते.