उंबर (खानदेशातील)

उंबर हा वड, पिंपळ, पायर आणि अंजीर यांच्या कुळातला मोठा वृक्ष. शास्त्रीय नाव फायकस रेसिमोजा. जुन्या पुस्तकांत तो फायकस ग्लोमेराटा म्हणून सापडतो. संस्कृतात उदुंबर, हिंदीत गूलर, आणि दत्ताच्या संदर्भात आला की मराठीत औदुंबर. वडासारख्या लोंबत्या पारंब्या याला नसतात. नाल्याकाठी वाढणारा, खरखरीत पानांचा काळा उंबर (फायकस हिस्पिडा) हे याच कुळातले वेगळे झाड असून दोन्हींची गल्लत नेहमी होते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत उंबर पाण्याच्या कडेकडेने आढळतो : तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर यांचे काठ, सातपुड्यातून उतरणारे नाले, विहिरीची थारोळी, पाटाची कड. कपाशीच्या सलग काळ्या रानात तो क्वचितच दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांकडे झुकतो आणि बांधावरची बाकीची झाडे मरगळतात, तेव्हाही उंबर हिरवा असेल तर खाली ओल आहे असे शेतकरी धरून चालतो. हा अडाखा फार जुना आहे. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर याच्या बृहत्संहितेतील भूजलावरच्या अध्यायात उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष (हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष) खोलीवर गोड पाण्याची शीर सांगितली आहे. हात आणि पुरुष ही मापे हाताने खणलेल्या विहिरीची. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात उपशाने पाणी इतके खाली गेले आहे की तिथे हा हिशेब आता जुळत नाही. झाडाने दाखवलेली ओल खरी असते, पण ती वरच्या थरातली. बोअरवेलची जागा ठरवायला ती पुरत नाही. उंबराचे लाकूड मऊ, फर्निचरला निरुपयोगी. मात्र पाण्याखाली ते टिकते, म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाशी बसवायच्या चौकटींना वापरत.

फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात. वर्षात अनेक बहर येतात, मोठा बहर उन्हाळ्यात. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून पोकळ, मांसल कुपी असून तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले असतात. कुपीच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले बारीक छिद्र असते. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स या चिलटाएवढ्या गांधीलमाशीची मादी त्यातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. अंगावरचे पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर त्या फुलांतून आधी बाहेर पडतात, माद्यांशी समागम करतात आणि कुपीला भोक पाडतात. त्या भोकातून पराग घेतलेल्या माद्या दुसऱ्या झाडाकडे उडतात. नरांचे आयुष्य बहुधा जन्मल्या कुपीतच सरते. पिकलेले उंबर फोडून, फुंकर मारून, झटकून मगच तोंडात टाकायची मुलांची रीत यामुळेच पडली आहे. बाजारातले पुरंदरचे अंजीर मात्र अशा माशीवाचून फळ धरते. तिथे ही झटकाझटक लागत नाही.

फूल आतच राहते, बाहेर कधी दिसत नाही. फार दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला 'उंबराचे फूल' म्हणतात ते याच कारणाने. हे फूल मध्यरात्री उमलते आणि पाहणाऱ्याला धन लाभते, अशी समजूतही आहे. बौद्ध परंपरेत उदुंबराचे फूल युगायुगांतून एखादेवेळी घडणाऱ्या गोष्टीचे चिन्ह मानले आहे, आणि पूर्वबुद्धांपैकी (गौतम बुद्धाच्या आधीचे मानलेले बुद्ध) कनकमुनी यांचा बोधिवृक्ष उदुंबरच. खानदेशच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्यात 22 क्रमांकाच्या लेण्यात हे बुद्ध आपापल्या वृक्षांसह रंगवलेले आहेत. दुसरीकडे 'उंबर फोडून केंबरं काढणे' म्हणजे दुसऱ्याची झाकलेली लफडी चव्हाट्यावर आणणे. केंबरं म्हणजे फळातली तीच चिलटे. तुकोबांनी त्याच किड्याला वेगळ्या कामाला लावले : त्याला आपले उंबर म्हणजेच ब्रह्मांड वाटते, आणि अशी उंबरे एका झाडावर किती, अशी झाडे नवखंडांत किती! घराच्या उंबऱ्याचे नावही उदुंबराशी जोडले जाते, कारण संस्कृतात उदुंबर या शब्दाचा तोही एक अर्थ आहे. 'शंभर उंबऱ्यांचे गाव' आणि 'उंबरे झिजवणे' यांत झाड उरलेले नाही, दारच आहे.

बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून इकडे फळ नव्हे, 'फय'. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) वडाची हिरवी पाने आणि लाल फळे पाहून झाडाला पोपटांचे पीक आल्याचे दिसले. उंबराची फळे पानांपासून दूर, उघड्या लाकडावर धरतात, त्यामुळे ती उपमा वडालाच शोभते. पक्षी मात्र दोन्हीकडे सारखेच जमतात : हरियाल, तांबट, बुलबुल, कोकीळ, आणि अंधार पडला की वटवाघळे.

धर्मात उंबर दत्ताचा. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही कथा गुरुचरित्रात आहे. नवग्रहांच्या होमात शुक्राची समिधा उंबराची. तापीकाठच्या सारंगखेड्यात (ता. शहादा) एकमुखी दत्ताचे मंदिर असून दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. उंबर तोडू नये हा दंडक गावोगाव पाळला जातो. पार बांधलेले उंबर त्यामुळे वाचतात, बांधावरच्यांची तशी खात्री नसते.

औषधात साल, चीक आणि मुळाचे पाणी वापरतात. वड, पिंपळ, पायर, पारस पिंपळ यांच्या सालींबरोबर उंबराची साल 'पंचवल्कल' काढ्यात येते. गालगुंडावर चीक लावण्याचा घरगुती उपाय आहे. कोवळ्या फळांची भाजी होते, पाला गुरांना चालतो.

चाळीसगाव तालुक्यातील उंबरखेड हे गावाचे नाव उघडच या झाडावरून आलेले दिसते. 'उमर'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक गावाला मात्र हीच व्युत्पत्ती चिकटवू नये. काही नावे माणसांवरूनही पडलेली असू शकतात.