मावशीच्या मागे लागलेला कूलर

एप्रिल अर्धा सरला की नागपुरात दुपारी एकच विषय असतो: कूलर. मावशीच्या जुन्या कूलरचा पत्रा गळायला लागला, म्हणून तिने मोबाइलवर एका साइटवर चार-पाच नवे पाहिले. घेतला एकही नाही. संध्याकाळी पंचांग उघडलं तर तिथे कूलर, सकाळी वड्यांची रेसिपी बघायला गेली तर तिथेही तोच निळा कूलर. "काहून रे, यांना सांगितलं कोणी? मी तर नावही टाकलं नाही."

नाव लागतच नाही. वेब मूळची विसरभोळी. एक पान पाठवलं की सर्व्हर, म्हणजे ते पान पाठवणारा साइटचा संगणक, तुम्हाला विसरतो. दुसरं मागितलंत की तुम्ही त्याला नवखेच. मग टोपलीत टाकलेली वस्तू लक्षात कोण ठेवणार? १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण इंजिनियरने यावर तोड काढली, तिचं नाव कुकी. बर्डीवरच्या सायकल स्टँडचं टोकन आठवा: अर्धं हँडलला, अर्धं खिशात, आणि त्यावर फक्त नंबर. कुकीही तशीच. अर्थ न लागणारी अक्षरांची एक माळ सर्व्हर तुमच्या ब्राउझरला, म्हणजे साइट उघडणाऱ्या ॲपला, देतो, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ब्राउझर ती मुकाट्याने दाखवतो. यात गैर काहीच नाही.

गोम पुढे आहे. पानावरची जाहिरात बहुतेकदा त्या साइटची नसतेच. ती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि येताना आपलंही टोकन अडकवून जाते. समजा बर्डी, इतवारी आणि धरमपेठेतले स्टँड एकाच कंत्राटदाराचे आहेत आणि तिन्हीकडे एकच टोकन चालतं. मंगळवारी तुम्ही सराफ्यात होतात, बुधवारी डॉक्टरकडे, हे त्याला घरबसल्या कळतं. मावशीचा कूलर असाच पंचांगापर्यंत पोचला.

आणि नाव तरी कुठे फार लांब असतं? लॅटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवलं, की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. आपल्या एका पिनकोडात माणसं कितीतरी जास्त, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ४४००१० मधली, अमुक तारखेला जन्मलेली, अमुक मॉडेलचा फोन वापरणारी, रोज पहाटे पंचांग बघणारी बाई म्हटलं, की गर्दी भराभर विरळ होते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे. माहिती सांभाळण्यात कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मला त्यातली दोन कलमं विशेष आवडतात. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. सध्याचा प्रकार आठवा: 'सगळं मान्य' हे ठसठशीत हिरवं बटण, आणि नकार कुठेतरी तळाशी, फिक्या करड्या अक्षरांत. हा योगायोग नव्हे.

मावशीच्या फोनची सेटिंग उघडून आम्ही कुकी ठेवणाऱ्या साइटांची यादी वर सरकवली. अंगठा थकला, यादी संपेना. तिसऱ्या कंपन्यांच्या कुकी अडवल्या, जुन्या पुसल्या. पुसल्यावर भिशीच्या हिशेबाच्या साइटने पुन्हा पासवर्ड मागितला, त्याबद्दल बोलणी मी खाल्ली.

कूलर शेवटी बर्डीवरच घेतला, वाळ्याच्या ताट्यांसकट. काउंटरवरच्या पोराने बिलाआधी मोबाइल नंबर विचारला.

"कशाला?" मावशी म्हणाली.

त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने गल्ल्याखालचं कागदी बिलबुक काढलं.