व्हॅक्सिन रॅली : महामारीतली लस आणि शेअर बाजार

महामारीवरची लस येतेय अशी ठोस बातमी लागल्यावर शेअर बाजारात जी तेजी येते, आणि त्याच झटक्यात पैसा एका सेक्टरमधून निघून दुसऱ्यात जातो, त्या सगळ्याला मिळून व्हॅक्सिन रॅली म्हणतात. आता हे नाव घेतलं की कोविडच्या काळातली तेजीच डोळ्यासमोर येते, पण साथीवर पैसे लावण्याचा प्रकार त्याच्या आधीचा आहे. एप्रिल २००९ मध्ये स्वाईन फ्लूची बातमी पसरली तेव्हा विमान कंपन्या पडल्या आणि फ्लूवरचं औषध टॅमिफ्लू बनवणारी रोश चढली, २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी टेकमिरासारखी छोटी औषध कंपनी आणि संरक्षक सूट बनवणारी लेकलँड यांच्यात जोरदार सट्टा झाला. मात्र तेव्हा शेअर चढले ते आजाराच्या भीतीवर. आजार संपणार या आशेवर जगभरचा अख्खा बाजार हलला असं एवढ्या प्रमाणात घडलं ते बहुधा २०२० मध्येच.

ही तेजी नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. एक मत १८ मे २०२० ही तारीख धरतं. त्या दिवशी मॉडर्ना या अमेरिकन कंपनीने आपल्या लसीच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे सुरुवातीचे आकडे दिले आणि अमेरिकेचा डाऊ निर्देशांक ९११ अंकांनी वाढला. चाचणीत ४५ स्वयंसेवक होते, पण विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडीची माहिती फक्त पहिल्या ८ जणांची होती. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर बाजार पळाला, त्याच संध्याकाळी कंपनीने नवे शेअर विकून एक अब्ज डॉलरहून जास्त पैसे उभे करायचं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी जाणकारांनी आकड्यांवर शंका घेतल्यावर शेअर आपटला. शिवाय आदल्याच रात्री फेडचे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे) तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी टीव्ही मुलाखतीत आपल्या हातातली साधनं अजून संपलेली नाहीत असं सांगितलेलं होतं, म्हणजे त्या सोमवारच्या तेजीत लसीचा वाटा किती आणि फेडचा किती हे वेगळं काढणं अवघडच आहे.

दुसरं मत ९ नोव्हेंबर २०२० चं. फायझर-बायोएनटेकची लस ९० टक्क्यांहून जास्त परिणामकारक आहे असा अंतरिम निष्कर्ष त्या दिवशी आला, तोही ९४ कोविड रुग्णांच्या विश्लेषणावरून. डाऊ ८३४ अंकांनी वर गेला, पण टेक कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक दीड टक्का खाली आला. क्रूझ जहाजं चालवणारी कार्निव्हल ३९ टक्के चढली आणि झूम १७ टक्के पडली. घरात बसण्यावर चालणारे शेअर विकून घराबाहेर पडण्यावर चालणारे शेअर घ्यायचे, असं सेक्टर रोटेशन एकाच दिवसात झालं. फायझरचे सीईओ अल्बर्ट बुर्ला यांनी त्याच दिवशी आपले साधारण ५६ लाख डॉलरचे शेअर विकले, विक्री आधी ठरवलेल्या योजनेनुसार होती असं कंपनीने सांगितलं तरी टीका व्हायची ती झालीच.

भारताच्या बाबतीत इथे एक घोळ वारंवार दिसतो, तो नीट बघायला हवा. ९ नोव्हेंबरला सेन्सेक्स ७०४ अंकांनी वाढून ४२,५९७ वर बंद झाला आणि ही वाढ सर्रास लसीच्या खात्यात टाकली जाते. पण फायझरचं निवेदन न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी पावणेसातच्या सुमारास आलं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच, आणि मुंबईचा बाजार साडेतीनला बंद होतो. त्या दिवसाच्या वाढीशी लसीच्या निकालाचा संबंध लावता येत नाही, ती अमेरिकेच्या निवडणुकीतल्या बायडन यांच्या विजयाची तेजी म्हणायला हवी. लसीचा खरा दिवस १० नोव्हेंबर, त्या दिवशी सेन्सेक्स आणखी ६८० अंक वाढून ४३,२७७ वर गेला. आता त्याच दिवशी बिहार विधानसभेची मतमोजणीही चालू होती म्हणून काहीजण तीही तेजी राजकीय मानतात, पण बँका आणि फायनान्स कंपन्या चढत असताना फार्मा आणि आयटी दोन्ही जोरात पडले, आणि बिहारच्या निकालामुळे कोणी औषध कंपन्यांचे शेअर विकेल हे पटत नाही. निर्देशांक किती वाढला यापेक्षा त्याच्या पोटात काय विकलं गेलं हे बघितलं तर तारीख बऱ्यापैकी पक्की होते. या हिशेबाने मे महिन्याची तेजी मुख्यतः स्वस्त पैशाची (म्हणजे फेडच्या आधाराची) आणि नोव्हेंबरची लसीची, हे मत जास्त ग्राह्य वाटतं.

लसीच्या बातमीने बाजार एवढा का हलतो याचं गणित असं. शेअरची किंमत म्हणजे कंपनीच्या पुढच्या सगळ्या वर्षांच्या कमाईची आजची किंमत. पीई (किंमत भागिले वर्षाची कमाई) २० असेल तर एका वर्षाची कमाई म्हणजे किमतीचे फक्त ५ टक्के, म्हणजे एक अख्खं वर्ष पाण्यात गेलं तरी तेवढ्याने बाजार कोसळायला नको. मार्च २०२० मध्ये तो कोसळला (२३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंक) कारण एका वर्षाची तीन-चार वर्षं होतील का हे कोणालाच सांगता येत नव्हतं. लस ती अनिश्चितता कापते. रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हेच मोजायचा प्रयत्न केला, जगभरच्या लसींच्या चाचण्यांच्या प्रगतीवरून लस यायला अजून किती काळ लागेल याचा रोजचा अंदाज बांधला आणि तो शेअर बाजाराशी जोडून पाहिला. अपेक्षित काळ एक वर्षाने कमी झाला तर अमेरिकन बाजार साधारण ४ ते ८ टक्के वाढतो असं त्यांना दिसलं. आकडा मॉडेलवर अवलंबून आहे हे धरूनच तो वापरावा.

उलटं गणितही दिसलं. २६ नोव्हेंबर २०२१ ला ओमिक्रॉनची बातमी आली, आत्ताची लस त्यावर चालेल का ही शंका आली आणि सेन्सेक्स १,६८७ अंकांनी पडला, डाऊ ९०५ अंकांनी. पण फार्मा मात्र वर, आणि मॉडर्ना तर २० टक्के वर.

लस बनवणाऱ्या कंपनीत पैसे टाकणं हा वेगळाच विषय आहे आणि तिथे बऱ्याच लोकांचे हात पोळले. यात जोखीम मुळात सरकारांनी उचलली होती: अमेरिकेने जुलै २०२० मध्ये, लस चालते की नाही हे कळायच्या आधी, फायझरला १० कोटी डोससाठी १.९५ अब्ज डॉलरची ऑर्डर दिली. अशी ऑर्डर हातात असली की कमाई दिसते, पण ऑर्डर संपल्यावर काय हे शेअर घेणाऱ्याने विचारायचं असतं. मॉडर्ना ऑगस्ट २०२१ मध्ये ४८४ डॉलरपर्यंत गेली आणि २०२४ संपताना ५० च्या खाली होती. फायझरचा महसूल २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलर, पुढच्याच वर्षी ५८.५ अब्ज. पेटंटचाही धोका असतो, भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत पेटंट सवलतीचा प्रस्ताव मांडला होता, ५ मे २०२१ ला अमेरिकेने कोविड लसींपुरता त्याला पाठिंबा दिला आणि लस कंपन्यांचे शेअर लगेच घसरले. गरीब देशांच्या बाजूने बघितलं तर ती घसरण म्हणजे चांगली बातमी होती, हेही विसरू नये.

भारतातली अडचण अशी की सगळ्यात जास्त लस पुरवणारी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट शेअर बाजारात लिस्टेडच नाही, भारत बायोटेकही नाही. त्यात तेव्हा मोठा ग्राहक केंद्र सरकार, आणि भाव काही काळ डोसला फक्त १५० रुपये. पैसा मग आडवाटेने शिरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या कंपनीने मॅग्मा फिनकॉर्प ही कर्ज देणारी कंपनी ३,२०६ कोटी रुपये घालून ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि शेअरला अपर सर्किट (एका दिवसातल्या वाढीची कमाल मर्यादा) लागायला लागले, तिचा लसीशी काही संबंध नसताना. त्याहून ठळक उदाहरण बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्सचं. या कंपनीने २०१९ मध्येच गॅसचा धंदा बंद केलेला होता, ती फक्त गुंतवणूक करत होती. तरी एप्रिल २०२१ मध्ये देशात ऑक्सिजनसाठी हाहाकार चालू असताना निव्वळ नाव वाचून लोक शेअर घेत राहिले आणि भाव २४ हजारांच्या पुढे गेला. सिलेंडरसाठी रात्रभर रांगा लागल्या होत्या त्याच आठवड्यांतली ही गोष्ट, म्हणून ती जास्त लागते.

लिस्टेड फार्मात २०२० साली निफ्टी फार्मा निर्देशांक साधारण ६० टक्के वाढला, पण २०२२ मध्ये घसरला. लॅबमध्ये जून २०२१ ला नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला ६६ टक्के हिस्सा ऑनलाइन औषधं विकणाऱ्या फार्मईझीच्या मूळ कंपनीने ४,५४६ कोटींना घ्यायचा करार केला, टेस्टिंगची लाट ओसरल्यावर या व्यवहाराकडे फार महाग सौदा म्हणून बघितलं गेलं. आरोग्य विम्यात लोकांनी पॉलिसी भरभरून घेतल्या, पण क्लेमही तसेच आले. स्टार हेल्थला २०२०-२१ मध्ये ८२५ कोटींहून जास्त तोटा झाला, आणि डिसेंबर २०२१ मधला तिचा ९०० रुपयांचा आयपीओ पूर्ण भरलाच नाही, ७९ टक्क्यांवर थांबला.